बंद पडलेला संगणक आणि कौटुंबिक छायाचित्रांची पुनर्प्राप्ती : एक विवेचन

सारांश :

घरातील जुना संगणक सुरू होईनासा झाला की त्यातील कौटुंबिक छायाचित्रेही नष्ट झाली, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात संगणक बंद पडण्याची कारणे अनेक असून त्यांपैकी पुष्कळ कारणांचा छायाचित्रे साठवणाऱ्या हार्ड डिस्कशी थेट संबंध नसतो. छायाचित्रांची कायमची हानी अनेकदा मूळ बिघाडाने होत नाही, तर बिघाडानंतर घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे होते. संगणक दुरुस्त करणे आणि छायाचित्रे वाचवणे ही दोन भिन्न कामे आहेत व त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : हार्ड डिस्क, कौटुंबिक छायाचित्रे, पुनर्प्राप्ती, फॉरमॅट, प्रतिमा-प्रत, जतन.

१. प्रस्तावना :

आपल्याकडे छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली होती. पुढे छायाचित्र सामान्य घरांत आले ते स्टुडिओतील कौटुंबिक चित्रांच्या आणि लग्नाच्या अल्बमच्या रूपाने. त्या काळात छायाचित्राची निगेटिव्ह आणि छापील प्रत अशी किमान दोन रूपे असत. एक प्रत हरवली तरी दुसरी आत्याकडे किंवा मामाकडे सापडण्याची शक्यता असे. अलीकडच्या काळात मोबाइलवर काढलेले छायाचित्र काही क्षणांत अनेक नातेवाइकांच्या फोनवर पोहोचते आणि इंटरनेटवरील साठवणीतही जाते.

या दोन कालखंडांच्या मधला, साधारणपणे २००० ते २०१२ हा काळ मात्र वेगळा आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख गावोगावी पोहोचवली. जुळणी केलेले संगणक मध्यमवर्गीय घरांत आले, पाठोपाठ डिजिटल कॅमेराही आला. कॅमेऱ्याच्या कार्डातील छायाचित्रे संगणकावर उतरवायची आणि कार्ड मोकळे करायचे, अशी पद्धत रूढ झाली. छापील प्रत काढण्याचे प्रमाण घटले आणि इंटरनेटवरील साठवण घरोघरी पोहोचलेली नव्हती. परिणामी बारसे, मुंज, आजोबांची पंच्याहत्तरी, गावाकडच्या वाड्याचे शेवटचे दर्शन अशा कितीतरी प्रसंगांची एकुलती एक प्रत घरातील एकाच हार्ड डिस्कवर राहिली. ते संगणक आज माळ्यावर किंवा अडगळीत पडून आहेत आणि त्या छायाचित्रांतील कित्येक माणसे आता हयात नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे :

(१) संगणक सुरू न होण्याची कारणे आणि छायाचित्रांची सुरक्षितता यांतील संबंध स्पष्ट करणे.
(२) संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या अध्यापकांनाही समजतील अशा पुनर्प्राप्तीच्या पद्धती विशद करणे.
(३) कोणत्या टप्प्यावर स्वतःचा प्रयत्न थांबवावा, याचे निकष मांडणे.
(४) पुनर्प्राप्त छायाचित्रांच्या जतनाविषयी विचार करणे.

३. छायाचित्र संगणकात कोठे असते?

संगणकाच्या पेटीत वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क असे प्रमुख घटक असतात. छायाचित्रे यांपैकी फक्त हार्ड डिस्कवर असतात. बाकीचे सर्व घटक जळून गेले, तरी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल तर छायाचित्रेही सुस्थितीत असतात. घराची वीज गेली म्हणून कपाटातील कागदपत्रे नाहीशी होत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. घरगुती संगणकात त्या सामान्यतः मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष तबकडीला न टेकता हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगते. आधुनिक डिस्कमध्ये हे अंतर मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या आसपास असते. धुळीचा एक कणही या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे हार्ड डिस्कचे झाकण घरी कधीही उघडू नये.

दुसरी महत्त्वाची बाब सूचीविषयी आहे. ग्रंथालयात पुस्तके फडताळात आणि त्यांच्या नोंदी तालिकेत असतात, तशी डिस्कवर एकीकडे प्रत्यक्ष छायाचित्रे आणि दुसरीकडे त्यांची सूची असते. एखादे छायाचित्र 'डिलीट' केले असता सामान्यतः सूचीतील नोंद रद्द होते व ती जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मूळ आशय मात्र त्या जागेवर नवीन काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. चुंबकीय हार्ड डिस्कच्या बाबतीत पुनर्प्राप्तीचे सारे शास्त्र या एका वस्तुस्थितीवर उभे आहे. यातूनच पहिला नियम निष्पन्न होतो : ज्या डिस्कवरून छायाचित्रे मिळवायची आहेत, तिच्यावर नवीन काहीही लिहू नये.

४. बिघाडाचे स्तर आणि त्यांची लक्षणे :

'संगणक सुरू होत नाही' या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात.

(अ) वीजपुरवठ्यातील बिघाड : बटण दाबल्यावर दिवा लागत नाही व पंखा फिरत नाही. अशा वेळी बहुधा एसएमपीएस किंवा वायर नादुरुस्त असते. छायाचित्रे सुरक्षित असण्याची शक्यता खूप मोठी असते.

(आ) मदरबोर्ड किंवा रॅममधील बिघाड : पंखा फिरतो, कधी बीपचे आवाज येतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. येथेही हार्ड डिस्क निर्दोष असू शकते.

(इ) ऑपरेटिंग सिस्टिममधील बिघाड : संगणक सुरू होतो, परंतु विंडोजचे चिन्ह दिसून थांबतो, निळा पडदा दाखवतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' हा संदेश अनेकांनी पाहिला असेल. याचा अर्थ विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही, एवढाच असतो. महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात जे भारनियमन अनुभवले, त्यातील अवचित वीज जाण्याने असे बिघाड संभवत असत. मात्र डिस्कचा काही भाग खराब झाल्यानेही हीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून येथे सावधगिरी आवश्यक ठरते.

(ई) हार्ड डिस्कमधील बिघाड : डिस्कमधून ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा किंवा घासल्यासारखा आवाज येतो, अथवा डिस्क जोडलेली असूनही संगणक तिला ओळखत नाही. ही गंभीर अवस्था होय. असा आवाज ऐकू येताच वीज बंद करावी. शीर्ष तबकडीला घासत असल्यास संगणक चालू राहणारा प्रत्येक क्षण चुंबकीय लेप खरवडत असतो.

पुरात भिजलेल्या डिस्कचाही येथेच उल्लेख करणे योग्य ठरेल. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात आलेल्या पुराचे पाणी असंख्य घरांत शिरले होते. भिजलेली डिस्क 'चालते का पाहू' म्हणून जोडून पाहणे घातक असते, कारण पाणी व गाळ आत गेलेला असल्यास वीज देताच कायमची हानी होते. ती उन्हात किंवा गरम हवेने वाळवूही नये, कारण पाणी उडून गेले तरी त्यातील क्षार आणि गाळ तबकडीवर चिकटून बसतात. अशी डिस्क थेट तज्ज्ञांकडे सोपवावी.

५. दुरुस्ती आणि पुनर्प्राप्ती यांतील विरोध :

संगणक बिघडला की आपण तो दुरुस्तीला देतो आणि 'चालू करून द्या' एवढेच सांगतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सरळ मार्ग म्हणजे डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणे. संगणक चालू होतो, सांगितलेले काम पूर्ण होते. पण विंडोज एक्सपीच्या स्थापनेलाच किमान १.५ जीबी जागा लागते. नवीन फाइली ज्या जागी लिहिल्या जातात, त्या जागेवरील जुनी छायाचित्रे कायमची जातात. काही लॅपटॉपमध्ये कंपनीने दिलेली 'रिकव्हरी'ची सोय असते. हा शब्द येथे फसवा आहे. तिच्यामुळे संगणक कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीत परत जातो आणि वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या जाऊ शकतात.

फॉरमॅटच्या प्रकारांतही भेद आहे. 'क्विक फॉरमॅट'मध्ये प्रामुख्याने नवीन सूची तयार होते; जुना आशय पुष्कळसा शिल्लक राहतो. विंडोज एक्सपीतील पूर्ण फॉरमॅट डिस्कचे खराब भाग तपासत असे, परंतु सर्व आशय पुसत नसे. विंडोज व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट संपूर्ण भागावर शून्ये लिहिते. त्यानंतर काहीही मिळत नाही. 'फॉरमॅट झाले' एवढ्यावरून आशा सोडू नये आणि निर्धास्तही राहू नये. कोणते फॉरमॅट व कोणत्या विंडोजमधून झाले, हे विचारून घ्यावे.

आपल्याकडील जुळणी केलेल्या संगणकांत एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडण्याची पद्धत होती. विंडोज सी भागात आणि गाणी, छायाचित्रे डी किंवा ई भागात ठेवली जात. फक्त सी भाग फॉरमॅट झाला असेल, तर अन्य भागांतील छायाचित्रे जशीच्या तशी असू शकतात.

म्हणून दुरुस्तीला देताना 'आधी छायाचित्रे बाहेर काढावीत, संगणक चालू झाला नाही तरी चालेल', असे स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो लेखी सांगावे.

६. पुनर्प्राप्तीच्या पद्धती :

६.१ डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे

डिस्कमधून विचित्र आवाज येत नसेल, तर ही सर्वांत सोपी पद्धत होय. संगणकाची वायर भिंतीवरील सॉकेटमधून काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी आणि मग डिस्क काढावी. जुन्या डिस्कला आयडीई प्रकारची ४० पिनांची रुंद जोडणी असते; २००३ च्या सुमारास आलेल्या साटा प्रकाराची जोडणी अरुंद असते. आपल्या डिस्कच्या प्रकारानुसार यूएसबी अडॅप्टर घ्यावा. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क सामान्यतः यूएसबीवरच चालते.

डिस्क जोडल्यावर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे' अशी सूचना आल्यास ती नाकारावी. 'स्कॅन करून दुरुस्त करा' ही सूचनाही नाकारावी, कारण ती दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लेखनच होय. त्यानंतर छायाचित्रांच्या फाइली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. पाहणे, निवडणे, नावे देणे हे सर्व नंतर करावे. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी वेग धरला, तर ८० जीबीची पूर्ण भरलेली डिस्कही पाऊण तासात उतरते. खराब भाग असल्यास मात्र यास पुष्कळ अधिक वेळ लागतो.

६.२ पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून लिनक्स चालवणे

डिस्क काढणे शक्य नसेल आणि बिघाड केवळ विंडोजमध्ये असेल, तर उबुंटू किंवा नॉपिक्ससारखे लिनक्स पेन ड्राइव्हवरून अथवा सीडीवरून चालवता येते. स्थापनेचा पर्याय न निवडता केवळ 'वापरून पाहा' हा पर्याय घ्यावा. मग जुन्या डिस्कवरील फाइली दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या ३२-बिट प्रोसेसरवर चालत नाहीत. त्यामुळे फार जुन्या संगणकासाठी पहिली पद्धतच सोयीची ठरते.

अनेक घरांत आणखी एक अडचण संभवते. संगणक वडिलांचा होता, ते गेले आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही. विंडोजचा प्रवेश-पासवर्ड हा दारावरच्या कुलपासारखा असतो. त्याने आतील फाइली सांकेतिक होत नाहीत. म्हणून वरील दोन्ही पद्धतींनी त्या सामान्यतः वाचता येतात. दिवंगत व्यक्तीच्या खासगी फाइलीही मग समोर येणार, हे लक्षात घेऊन कुटुंबीयांची संमती आधी घ्यावी.

६.३ अडखळणाऱ्या डिस्कची प्रतिमा-प्रत घेणे

डिस्क ओळखली जाते, परंतु फाइली उतरवताना वारंवार थांबते, अशा वेळी एकेक फाइल उघडत बसू नये. संपूर्ण डिस्कची बिंदूशः प्रतिमा-प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. ग्नू प्रकल्पातील 'डीडीरेस्क्यू' हे विनामूल्य साधन प्रथम सहज वाचता येणारे भाग उतरवते, खराब भागांची नोंद ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य आधी चांगल्या भागांसाठी खर्च व्हावे, हा त्यामागील विचार आहे. पुढील सर्व प्रयोग या प्रतीवर करावेत. आज्ञावलीत मूळ आणि प्रत यांची नावे उलटी पडल्यास मूळ डिस्कच पुसली जाते, म्हणून हे काम जाणकाराच्या उपस्थितीत करावे.

६.४ पुसलेली छायाचित्रे शोधणे

सूची नष्ट झाली तरी छायाचित्रे त्यांच्या आकृतिबंधावरून ओळखता येतात. प्रत्येक जेपीईजी फाइलचा आरंभ 'एफएफ डी८' आणि शेवट 'एफएफ डी९' या चिन्हांनी होतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी विकसित केलेले 'फोटोरेक' हे विनामूल्य साधन संपूर्ण डिस्क वाचून अशा खुणा शोधते. या पद्धतीत फाइलचे नाव व फोल्डर मिळत नाही. परंतु कॅमेऱ्याने छायाचित्रातच नोंदवलेली तारीख बहुधा शाबूत असते. तुकड्यातुकड्यांनी साठवलेली फाइल मात्र अर्धवट मिळू शकते. मिळालेली छायाचित्रे दुसऱ्याच डिस्कवर साठवावीत, हे पुन्हा सांगणे अनाठायी ठरणार नाही.

७. छायाचित्रे कोठे शोधावीत?

विंडोज एक्सपीमध्ये ती सामान्यतः 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात वापरकर्त्याच्या नावाखाली 'माय पिक्चर्स'मध्ये असतात. व्हिस्टापासून पुढे 'युजर्स' या फोल्डरात. याशिवाय डेस्कटॉप, डी व ई भाग आणि 'न्यू फोल्डर' अशा नावांचे कोपरे पाहावेत. पिकासा हा कार्यक्रम गूगलने २०१६ मध्ये बंद केला. मात्र त्यात बदल करून जतन केलेल्या छायाचित्रांची मूळ प्रत एका छुप्या फोल्डरात राहत असे. एक्सपी छायाचित्रांच्या फोल्डरात 'थंब्स.डीबी' नावाची छुपी फाइल तयार करत असे व तिच्यात चित्रांच्या चिमुकल्या प्रती असत. मूळ छायाचित्र गेलेले असतानाही ही चिमुकली प्रत कधीकधी सापडते. ती छपाईयोग्य नसते, पण काहीच नसण्यापेक्षा निश्चितच मोलाची असते.

८. मर्यादा आणि थांबण्याचे निकष :

वरील विवेचन मुख्यतः चुंबकीय हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडी प्रकारच्या साठवणीत 'ट्रिम' या व्यवस्थेमुळे पुसलेल्या फाइलींची जागा पार्श्वभूमीवर खरोखरच मोकळी केली जाते. तेथे चुकून पुसलेले छायाचित्र परत मिळण्याची आशा अल्प असते. नव्या लॅपटॉपमधील साठवण अनेकदा बिटलॉकरने सांकेतिक केलेली असते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळीशिवाय काहीच वाचता येत नाही. ही कळी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. ती शोधून आजच कागदावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

टक्-टक् आवाज, डिस्क न ओळखली जाणे, पाण्याचा किंवा आगीचा परिणाम, जमिनीवर पडणे यांपैकी काहीही असल्यास स्वतःचा प्रयत्न थांबवावा. डिस्क शीतकपाटात ठेवणे, ठोकणे असे उपाय सांगितले जातात. ते करू नयेत. थंड डिस्क बाहेर काढताच तिच्या आत दव जमू शकते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावणेही आधुनिक डिस्कमध्ये सहसा उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणीची माहिती तिच्याच बोर्डावर नोंदलेली असते. अशी डिस्क धूलिरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडेच न्यावी. हे काम खर्चिक असते. खर्चाचा लेखी अंदाज, छायाचित्रे न मिळाल्यास शुल्क आकारले जाईल किंवा नाही आणि गोपनीयतेची हमी या तीन बाबी आधी ठरवून घ्याव्यात. खर्च परवडणारा नसेल, तर डिस्क कोरड्या जागी जपून ठेवावी. न वापरलेली डिस्क पुढे वाचली जाण्याची काही शक्यता तरी राहते. चुकीच्या प्रयोगांनी ती संपते.

९. पुनर्प्राप्तीनंतरचे जतन :

छायाचित्रे मिळाली की काम संपले, असे मानू नये. मिळालेल्या फाइली प्रत्यक्ष उघडतात का, हे पाहावे. तोपर्यंत मूळ डिस्क पुसू नये की भंगारात देऊ नये. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम उपयुक्त आहे : तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवर असू शकते किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडेही. निवडक छायाचित्रांच्या छापील प्रती काढणे ही जुनी रीत आजही तितकीच विश्वासार्ह आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, स्नेहसंमेलने, सेवानिवृत्त सहकाऱ्यांचे निरोप समारंभ यांची छायाचित्रे विभागांतील जुन्या संगणकांवर असण्याची शक्यता असते. जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्यापूर्वी त्यांच्या हार्ड डिस्क तपासून घेण्याची प्रथा प्रत्येक विभागाने पाडावी. स्थानिक इतिहास, लोकसंस्कृती आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी कौटुंबिक छायाचित्र हे प्राथमिक साधन आहे. त्यातील पेहराव, दागिने, घराची रचना आणि माणसांच्या उभे राहण्याचा क्रमसुद्धा बोलका असतो.

१०. निष्कर्ष :

(१) संगणक सुरू न होणे म्हणजे छायाचित्रे नष्ट होणे नव्हे.
(२) बिघाड कोणत्या स्तरावर आहे, हे ओळखल्याशिवाय कोणताही उपाय करू नये.
(३) आधी पुनर्प्राप्ती, नंतर दुरुस्ती हा क्रम पाळावा आणि मूळ डिस्कवर काहीही लिहू नये.
(४) आवाज करणारी, भिजलेली किंवा न ओळखली जाणारी डिस्क तत्काळ बंद करून तज्ज्ञांकडे सोपवावी.
(५) मिळालेल्या छायाचित्रांच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात.

शेवटी एका मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. कोणतेही साधन छायाचित्र परत आणू शकते, फार तर त्याची तारीख सांगू शकते. चित्रात उजवीकडून तिसरी उभी असलेली बाई कोण, हे ते सांगू शकत नाही. ती माहिती घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते आणि त्या स्मरणाची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून छायाचित्रे हाती येताच ती घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि नाव, नाते, गाव व प्रसंग लिहून ठेवावेत. पुनर्प्राप्तीच्या कामातील हा अखेरचा टप्पा होय आणि विलंब न परवडणारा टप्पाही हाच आहे.